मनाजोगा संडास

मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम गावात गावठाणातून चक्कर मारली, तर दोन तऱ्हेचे संडास शेजारीशेजारी दिसतात. एक घरापासून फटकून उभा असतो. चार फूट बाय तीन फुटांची खोली, वर पत्रा, पत्र्याचंच दार, भिंतीवर योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव आणि वर्ष रंगवलेलं. कडी गंजलेली असते. आत सरपण, पेंडीची रिकामी पोती, मोडकी सायकल. दुसरा संडास घराला लागून असतो. शेजारी न्हाणीघर, वर पाचशे लिटरची काळी टाकी, आत कमरेपर्यंत टाइल्स, नळ, झरोका, दिवा. हा रोज धुतला जातो. पहिल्याला पैसे सरकारनं दिले, दुसऱ्याला घरानं. पुष्कळदा हे दोन्ही एकाच कुटुंबाचे असतात.

या दोन संडासांमधलं अंतर समजून घेतलं, तर ग्रामीण स्वच्छतेबद्दलचा आपला एक मोठा गैरसमज दूर होईल. शहरात बसून बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: हातात मोबाइल आहे, दारात मोटारसायकल आहे, पण संडास बांधायला यांच्याकडे पैसे नाहीत. २०११ च्या जनगणनेनं या वाक्याला आकडेही पुरवले. ग्रामीण भारतातल्या ५४ टक्के घरांत फोन होता आणि घराच्या आवारात संडास जेमतेम ३१ टक्के घरांत. ग्रामीण महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३८ टक्के होतं. त्यावरून निष्कर्ष निघाला, की खेड्यातल्या माणसाला संडास नकोच आहे. तेव्हा तो फुकट द्या, किंवा माणसाला लाजवा, धाक दाखवा.

माझं म्हणणं असं, की खेड्यातलं घर संडासासाठी पैसे मोजायला तयार असतं, आणि सरकार धरून चालतं त्याच्या कितीतरी पट मोजायला तयार असतं. त्याला आपण देऊ करतो तो संडास पटत नाही, पैसे मागण्याची आपली वेळ त्याला जुळत नाही, आणि खड्डा भरल्यावर पुढे काय, या त्याच्या प्रश्नाला आपण धड उत्तर देत नाही.

नऊशे रुपये आणि एकवीस हजार रुपये

केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला १९८६ साली. १९९९ मध्ये त्याचं संपूर्ण स्वच्छता अभियान झालं, २०१२ मध्ये निर्मल भारत अभियान आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मिशन. दर टप्प्याला अनुदान वाढत गेलं. २०१२ चा हिशेब पाहण्यासारखा आहे. दहा हजारांचा संडास धरलेला. त्यात केंद्राचे ३,२००, राज्याचे १,४००, रोजगार हमीतून ४,५०० पर्यंत, आणि घराचा वाटा ९०० रुपये. स्वच्छ भारतमध्ये प्रोत्साहन रक्कम १२ हजार झाली, आणि २०२० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यातही ती तेवढीच राहिली. या काळात सिमेंट, वीट, वाळू आणि गवंड्याचा रोज यांचं काय झालं, हे घर बांधणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

ज्या सुमारास सरकार घराचा वाटा नऊशे रुपये धरत होतं, त्याच सुमारास राईस या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी उत्तर भारतातल्या पाच राज्यांत तीन हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. डायन कॉफी, डीन स्पिअर्स आणि सहकाऱ्यांची ही पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. पुरुषांना विचारलं होतं, की कमी खर्चातला पण चालण्यासारखा संडास कसा असावा आणि त्याला किती पैसे पडतील? त्यांनी वर्णन केलेल्या संडासाची किंमत सरासरी २१ हजारांच्या घरात गेली. शेजारच्या बांगलादेशात त्याच काळात गरीब घरं दोन-तीन हजारांत काम भागवत होती, आणि तिथे उघड्यावर बसण्याचं प्रमाण एखाद-दोन टक्क्यांवर आलं होतं.

या आकड्यांत दोन गोष्टी एकदम दिसतात. भारतीय खेडुताच्या मनातला संडास महाग आहे. आणि त्याच्या हातावर जो टेकवला जातो, तो त्याच्या मनातल्या संडासाच्या जवळपासही जात नाही. मनाजोगा नसलेला संडास फुकट मिळाला, तरी त्यात सरपणच ठेवलं जाणार. त्या पाहणीत चालू स्थितीतला संडास असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक माणूस तरी बाहेर जात होता. २०१८ साली यांतल्या चार राज्यांत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. मधल्या चार वर्षांत बांधकाम प्रचंड झालं होतं, त्याचा हा परिणाम. पण ज्यांच्या घरी संडास होता, त्यांच्यातलं बाहेर जाण्याचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं, साधारण चौघांत एक.

विचारलं म्हणजे कळलं, असं नाही

एखादं घर चांगल्या संडासासाठी किती पैसे देईल, हे शोधायचं कसं? सरळ विचारावं, तर उत्तर भरवशाचं नसतं. पाहुणा वही-पेन घेऊन आलाय, म्हणजे काहीतरी योजना असणार, असं वाटून कुणी आकडा कमी सांगतं. कुणी चारचौघांत मान राखायला वाढवून सांगतं. खिशात हात घालायची वेळ आली की दोन्ही आकडे बदलतात.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर काढलेली तोड कंबोडियातल्या काम्पोंग थोम प्रांतातल्या तीस खेड्यांत वापरली गेली. पद्धत अशी. भातखाचरांच्या कडेला, खांबांवर उभारलेल्या लाकडी घरात विक्रेता येतो. पाणी टाकायच्या संडासाचं भांडं, काँक्रीटचा चौथरा आणि खड्ड्याच्या कड्या असा संच तो समजावून सांगतो. मग घरानं आपला कमाल भाव सांगायचा: यापुढे एक पैसा नाही. त्यानंतर भावाची चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीतला भाव सांगितलेल्या भावाइतका किंवा कमी निघाला, तर संडास चिठ्ठीतल्या भावाला घ्यायचाच. जास्त निघाला तर व्यवहार संपला, घासाघीस नाही. यात कमी सांगून फायदा नाही, कारण परवडणारी वस्तू हातची जाईल. वाढवून सांगण्यात धोका, कारण न परवडणाऱ्या भावाला ती गळ्यात पडेल. खरं बोलण्यातच शहाणपण आहे, अशी ही रचना.

निम्म्या गावांत घरांना सांगितलं होतं, की पैसे रोख द्यायचे. उरलेल्या गावांत छोट्या कर्जाची सोय होती, हप्त्यांनी फेडायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निकाल असा: रोखीच्या गावांत २५ टक्के घरं विनाअनुदान पूर्ण भाव द्यायला तयार होती, हप्त्यांच्या गावांत ६० टक्के. संडास तोच, भाव तोच, गरिबीही तीच. बदलली फक्त पैसे देण्याची वेळ.

मोबाइलच्या टोमण्याला उत्तर इथे आहे. मोबाइल थोड्या पैशात हातात येतो आणि पुढे दहा-वीस-पन्नास रुपयांच्या रिचार्जवर चालतो. मोटारसायकल कर्जावर मिळते, दुकानदार स्वतः फायनान्सवाल्याला बसवून घेतो. संडास मात्र एका दमात बांधावा लागतो. अर्धा मोबाइल मिळत नाही, पण मोबाइलचा अर्धा खर्च आज आणि अर्धा पुढे करता येतो. संडासाचं तसं नाही. खड्डा खणून पैसे संपले, तर उरतो तो नुसता खड्डा. सरकारी प्रोत्साहन रक्कमही बहुतेक ठिकाणी बांधकाम झाल्यावर, फोटो चढवल्यावर खात्यावर जमा होते. म्हणजे ज्याच्याकडे आधी पैसे नाहीत, त्यानं आधी पैसे घालायचे. मग तो उसनवारी करतो, किंवा ठेकेदाराच्या स्वाधीन होतो. ठेकेदार बारा हजारांत बसवतो तो संडास कसा असतो, हे आपण सुरुवातीला पाहिलंच.

पैशांचा हंगाम

शेतकऱ्याच्या घरात पैसा बाराही महिने सारखा येत नाही. सोयाबीन आणि कापूस विकला की दिवाळीच्या आगेमागे थोडा हात मोकळा होतो. त्याच सुमारास दुकानदाराची उधारी, पीककर्ज, पोरांची फी, लग्नाची बोलणी दारात उभी असतात. उद्दिष्टं मात्र मार्चअखेरीस पूर्ण करायची असतात. सरकारी वर्ष आणि शेतीचं वर्ष यांची गाठ पडत नाही. हप्ता मागायचा तर सुगीनंतर, ही साधी गोष्ट कुठलाही कृषिकेंद्रवाला जाणतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन ही घरं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यात परततात. वर्षातले पाच-सहा महिने ती उसाच्या फडाजवळ कोप्यांत राहतात, जिथे संडास नसतो. गावातल्या घरासाठी त्यांनी किती पैसे मोजावेत, हा हिशेब त्यांना अर्ध्याच वर्षासाठी करावा लागतो. त्यांच्या बायकांना आडोसा सगळ्यात जास्त कामाच्या ठिकाणी हवा असतो, आणि तिथे तो बांधायची जबाबदारी त्या घराची नव्हे, तर त्यांच्या श्रमावर चालणाऱ्या कारखान्याची आहे.

हप्त्याची सोय केली की सगळं सुटतं, असंही नाही. ग्रामीण महाराष्ट्रात ब्रिट्टा ऑग्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी संडासासाठीच्या सूक्ष्म कर्जाचा अभ्यास केला. काही गावांत महिलांच्या गटांना संडासाच्या नावानं कर्ज देऊ केलं, काही गावांत नाही. मागणी भरपूर आली. कर्ज मिळालेल्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण सुमारे नऊ टक्के अंकांनी वाढलं. पण साधारण निम्मी कर्जं दुसरीकडे खर्च झाली. यात बायकांना दोष देण्यासारखं काही नाही. ज्या घरात एकच कर्ज मिळतं, तिथे आजारपण, बियाणं आणि संडास एकाच रांगेत उभे राहतात. तरीही कुठलीही सक्ती नसताना, केवळ कर्जावर नाव संडासाचं आहे म्हणून, निम्म्या घरांनी ते तिथेच घातलं. पैसे द्यायची तयारी आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

कर्ज कुणाच्या नावावर आहे, यालाही महत्त्व आहे. ‘घराची तयारी’ असं आपण म्हणतो, पण घरात एकच मन नसतं. पहाटे अंधारात उठून जावं लागतं ते बाईला. दिवस भरत आलेल्या सुनेला, गुडघे धरलेल्या सासूला, वयात आलेल्या मुलीला. पैसे मात्र बहुधा पुरुषाच्या खिशात असतात, आणि त्याला पहाटे शेतावर फेरफटका मारून येण्यात अडचण वाटत नाही. हरियाणानं २००५ च्या सुमारास ‘संडास नाही तर नवरी नाही’ अशी मोहीम चालवली. तिच्यावरच्या अभ्यासात दिसलं, की लग्नाचा मुलगा असलेल्या घरांनी संडास बांधायचं मनावर घेतलं. मुलींची संख्या घटलेल्या त्या राज्यात वधूपक्षाचा शब्द वजनदार झाला होता. बाईच्या शब्दाला वजन आलं की घराचा आकडा वाढतो. आपल्याकडे बचत गटांनी जिथे बाईच्या हातात हिशेबाची वही दिली, तिथे हे रोज दिसतं.

खड्ड्यात काय दडलंय

आता त्या २१ हजारांकडे वळू. एवढे पैसे कशात जातात? भिंतींत, टाइल्समध्ये थोडे. खरा खर्च जमिनीखाली असतो.

सरकार गेली कित्येक वर्षं दोन शोषखड्ड्यांचा संडास सुचवत आलंय. ही रचना अतिशय शहाणी आहे. भांडं तीव्र उताराचं असतं, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. दुकानातलं चकचकीत सपाट भांडं याच्या दुप्पट-तिप्पट पाणी मागतं. पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन खड्ड्यांकडे फुटतो. त्यातलं एक तोंड विटेनं बंद केलेलं असतं. खड्डे जाळीदार विटकामाचे, तळ मोकळा, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. पाच-सहा माणसांच्या घरात पहिला खड्डा भरायला काही वर्षं लागतात. भरला की चेंबरवरची फरशी उचलायची, वीट या तोंडातून काढून त्या तोंडात बसवायची. दुसरा खड्डा चालू होतो आणि पहिला निवांत कुजत राहतो. दीड-दोन वर्षांनी उघडला, तर आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं खत असतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे तत्कालीन स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः खड्ड्यात उतरून हे खत उपसून दाखवलं होतं, सोबत इतर राज्यांचे अधिकारीही होते.

तरीही घरं असा संडास बांधत नाहीत. पैसे हाती आले की ती मोठी टाकी खणतात. सरकारी मापाचा खड्डा सुमारे पन्नास घनफुटांचा. लोकांनी स्वखर्चानं बांधलेले खड्डे त्याच्या कितीतरी पट. ‘एकदाच खर्च करायचा, माझ्या हयातीत उपसावा लागता कामा नये’ हा त्यामागचा विचार. काही ठिकाणी जमिनीचंही कारण असतं. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, कोकणात पावसाळ्यात पाणी वर येतं आणि विहीर हाकेच्या अंतरावर असते, डोंगराळ भागात दोन फुटांवर कातळ लागतो. पण उत्तर भारतातल्या पाहणीपासून आपल्या गल्लीपर्यंत मुख्य कारण एकच आहे: खड्डा उपसणार कोण? मैला कुठल्या जातीनं उपसायचा, हे गावानं शतकानुशतकं ठरवून ठेवलं होतं. त्या जातीतली माणसं आता ते काम नाकारतात आणि त्यांचा तो हक्क आहे. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला लावणं हा गुन्हा ठरवला. आणि इतर कुणी, अगदी खत झालेल्या मैल्यालाही, हात लावायला तयार नाही.

म्हणून घर पाचपट मोठा खड्डा खणतं. ज्याच्याजवळ तेवढे पैसे नाहीत, तो छोटा खड्डा लवकर भरेल या भीतीनं संडास वापरतच नाही. फार तर म्हाताऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी, रात्री-अपरात्रीसाठी राखून ठेवतो. खेड्यातलं घर संडासावर जो जास्तीचा पैसा घालतं, त्यातला मोठा हिस्सा स्वच्छतेची किंमत नसून जातिव्यवस्थेची किंमत आहे. बांगलादेशातल्या गरीब घराला ती मोजावी लागत नाही. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडल्याशिवाय कुठलंही अनुदान पुरं पडणार नाही.

महाराष्ट्राला हे सांगायला बाहेरच्या अभ्यासकांची गरज नव्हती. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं, म्हणून उपोषण केलं होतं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. त्यांचाच धागा धरून डॉ. सुहास मापुसकर यांनी देहू गावात काम उभं केलं. १९५९ साली ते तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले, आणि घरोघर संडास, संडासाला जोडलेलं बायोगॅस संयंत्र, यातच त्यांचं आयुष्य गेलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या बायोगॅसच्या विचारात एक मोठं मर्म आहे. ज्या संडासातून चुलीला गॅस आणि शेताला खत मिळतं, त्यातला मैला घाण उरत नाही, घराच्या उपयोगाचा होतो. असा संडास बांधायला पैसे लागतात, पण ते पैसे घराला काहीतरी परत देतात.

न्हाणी, नळ आणि सगळं गाव

ओडिशात गंजाम जिल्ह्यातून काम करणाऱ्या ग्राम विकास या संस्थेनं १९९२ पासून एक वेगळी वाट धरली. जो मडियाथ तिचे संस्थापक. त्यांची अट कडक होती: गावातलं एकूण एक घर सामील झालं तरच काम सुरू होईल. दलित वस्ती, आदिवासी पाडा, विधवेचं घर, कुणीही वगळायचं नाही. प्रत्येक घरानं सरासरी हजार रुपये गावाच्या निधीत भरायचे, वीट-वाळू-दगड आणि श्रम आपले द्यायचे. बदल्यात काय मिळणार? प्रत्येक घराला संडास, त्याला लागून न्हाणीघर, आणि संडास, न्हाणी व स्वयंपाकघर अशा तीन ठिकाणी नळ. निधीचं व्याज पुढे गावात नवीन होणाऱ्या घरांसाठी.

अत्यंत गरीब गावांनी ही अट मान्य केली. काही गावांत एकमत व्हायला वर्षं लागली, पण पैसे जमले. कारण देऊ केलेली वस्तू मोलाची होती. बाईच्या दृष्टीनं आडोशाला अंघोळ आणि घरात पाणी ही संडासाइतकीच, किंबहुना त्याहून मोठी गरज. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घरात संडास म्हणजे रोज आणखी दोन हंड्यांचा भार, आणि तो वाहायचा तिनंच. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या गावांचा अभ्यास केला, तेव्हा उपचार घ्यावे लागलेल्या जुलाबांचं प्रमाण तीस ते पन्नास टक्क्यांनी घटलेलं आणि ते काही वर्षं टिकलेलं दिसलं. त्याच ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांच्या अभ्यासात निम्म्या गावांत सरकारी योजनेतून संडास बांधले गेले. तिथे संडास असलेल्या घरांचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून त्रेसष्टवर गेलं, पण आरोग्यात फरक आढळला नाही. संडास झाले, पण पुरेशी माणसं त्यात जात नव्हती.

शेजाऱ्याचा वाटा

इथे एक आक्षेप येईल. घरं पैसे द्यायला तयार असतील, तर सरकारनं अनुदान बंद करावं काय? नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे.

संडासाचा फायदा बांधणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त होतो. माझ्या घरानं संडास वापरला, तर माझा मैला शेजारच्या पोराच्या पायाखाली, पाण्यात, माशांवाटे ताटात जात नाही. २००४ साली महाराष्ट्र सरकारनं अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात साठ गावांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्यांनी निवडलेल्या निम्म्या गावांत स्वच्छतेचं काम जोरानं केलं. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांच्या विश्लेषणानुसार त्या गावांतल्या मुलांची उंची वाढली, चार वर्षांच्या मुलात सुमारे १.३ सेंटिमीटर. संडासांची वाढ मात्र फार मोठी नव्हती. म्हणजे ज्यांच्या घरी संडास झाला नाही, त्यांची मुलंही त्यात असणार. घर आपल्या फायद्यापुरते पैसे देईल. शेजारच्या पोराच्या उंचीचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायला हवेत. अनुदानाचा खरा आधार हा आहे. त्यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्यात याची पारख झाली. याच जिल्ह्यातल्या मोसमोइल गावात २००० च्या सुमारास कमल कार यांनी अनुदानाशिवाय, सगळ्या गावाला एकत्र आणून हागणदारी संपवण्याची पद्धत घडवली. ती पुढे महाराष्ट्रातही आली. तानोर भागात १८ हजारांहून अधिक घरांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या प्रबोधनानं संडास वाढले नाहीत. भूमिहीन गरिबांना सवलतीच्या चिठ्ठ्या दिल्या, उरलेला खर्च त्यांनी करायचा, तेव्हा त्यांच्यात संडास असलेल्यांचं प्रमाण बावीस टक्के अंकांनी वाढलं. आणि ज्यांना सवलत मिळाली नव्हती, अशा त्यांच्या शेजाऱ्यांतही ते साडेआठनं वाढलं. पुरेशा घरांनी बांधलं की न बांधणाऱ्याला राहवत नाही. कंबोडियात याच्या उलट दिसलं होतं: शेजाऱ्यानं घेतला, की काही घरं आपला बसवायचं लांबणीवर टाकत. तेव्हा अनुदान विखरून देण्यात अर्थ नाही. ते भूमिहीनांना, एकाच वस्तीत, बहुतेक सगळ्यांना, एकदम द्यावं.

महाराष्ट्रानं २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्यामागेही गावाला एकक मानण्याची दृष्टी होती. पैसे घराला द्यायच्या ऐवजी चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. लोकांनी वर्गणी आणि श्रमदान केलं, गावं झळाळली. स्पर्धेचं वर्ष उलटल्यावर पुष्कळ ठिकाणी उत्साह ओसरला हेही खरं. पण बोलावलं तर गाव खिशातून खर्च करतं, हे या अभियानानं सिद्ध केलं.

पुढे बोलावण्याची जागा धाकानं घेतली. पहाटे हागणदारीवर गुड मॉर्निंग पथकं गेली, शिट्ट्या वाजल्या, फोटो निघाले, दंड झाले. २०१८ च्या उत्तर भारतातल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्या गावात काही ना काही जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात, उघड्यावर शौचाला बसल्याच्या कारणावरून दोन दलित मुलांना मारून टाकण्यात आलं. त्यानंतर एका आठवड्यानं, २ ऑक्टोबरला, ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. धाकानं बांधलेल्या संडासातून घराची इच्छा कळत नाही, आणि धाक बसतो तो नेहमी ज्याच्यापाशी जागा, पाणी आणि पैसा सगळ्यात कमी, त्यालाच.

काय करता येईल

या सगळ्यातून पुढचं काम स्पष्ट होतं. घराला एकच छापाचा संडास देण्याऐवजी दोन-चार नमुने समोर ठेवावेत: साधा, न्हाणीसह, बायोगॅससह. अनुदान ठरलेलं असावं, त्यावरचा खर्च घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे घालावा, म्हणजे पुन्हा दुसरा संडास बांधायची वेळ येणार नाही. अनुदानाचा पहिला हप्ता काम सुरू होतानाच मिळावा. उरलेल्यासाठी बचत गट आणि जिल्हा बँकेकडून, सुगीनंतर फेडायचं कर्ज असावं. भूमिहीन, एकल महिला आणि गावठाणात इंचभर मोकळी जागा नसलेल्यांसाठी पूर्ण खर्च आणि जागेची व्यवस्था ग्रामपंचायतीनं करावी. ऊसतोडीच्या तळांवर संडास आणि पाणी ही कारखान्याच्या गाळप परवान्याची अट असावी.

आणि सर्वांत आधी, खड्डा उपसण्याची सोय. प्रत्येक तालुक्याला मैला उपसणाऱ्या टँकरची सेवा हवी, अरुंद गल्लीत शिरेल अशा छोट्या यंत्रासकट. तिचा दर पंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा. उपसलेला मैला ओढ्यात न सोडता त्यावर प्रक्रिया करणारं केंद्र असावं. कुणाही माणसाला खड्ड्यात उतरावं लागणार नाही, याची हमी असावी. ही सेवा ज्या दिवशी भरवशाची होईल, त्या दिवशी घराला पाचपट मोठी टाकी खणायची गरज उरणार नाही आणि आज परवडत नाही असा संडास अनेकांच्या आवाक्यात येईल. माझ्या मते स्वच्छतेवरचा पुढचा रुपया नव्या भिंतींपेक्षा या सेवेवर खर्च व्हायला हवा.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासावरचा विश्वासही बोलून वाढणार नाही. सरपंचानं, शिक्षकानं, सवर्ण घरातल्या कर्त्या माणसानं आपल्या खड्ड्यातलं खत आपल्या हातानं काढून आपल्या शेतात टाकलं पाहिजे. सचिवांनी एकदा केलं ते गावात दरवर्षी घडलं पाहिजे. आप्पासाहेबांनी त्यासाठी तुरुंगात उपास केला. आपल्याला तर आता फक्त आपल्याच घराचं खत उचलायचं आहे.

खेड्यातलं घर पैसे मोजायला तयार आहे. जो पैसे मोजतो, तो वस्तू निवडतो, बांधकामावर उभा राहतो, गवंड्याला जाब विचारतो आणि नंतर ती वस्तू जपतो. त्या घराकडे लाभार्थ्यांच्या यादीतला आकडा म्हणून पाहायचं, की आपल्या गरजा ओळखणारा, भाव करणारा, हिशेब मागणारा नागरिक म्हणून, हे सरकारनं आणि आपण सर्वांनी ठरवायचं आहे. नागरिक मानलं, तर आधी त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल: खड्डा भरल्यावर काय? ते उत्तर मिळालं, की संडास तो स्वतः बांधेल.